अंकसाधक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

देवळाली हे नाव वऱ्हाडातील आपल्या समाजाला परके नाही. गजपंथा सिद्धक्षेत्राच्या यात्रेस निघालेली मंडळी नाशिकरोडला उतरतात. कोणी प्रकृतीला मानवेल म्हणून देवळालीच्या कोरड्या हवेत चार-आठ दिवस मुक्कामही करतात. बडनेरा किंवा अकोल्याहून मुंबईस जाणारी गाडी नाशिकरोड सोडल्यावर थोड्याच वेळात देवळाली स्थानक मागे टाकते व इगतपुरीच्या दिशेने धावू लागते. बहुतेक प्रवासी तेव्हा झोपेत असतात. त्या लहानशा लष्करी छावणीच्या गावात एका शाळाशिक्षकाने ३२ वर्षे मुलांना शिकविले आणि उरलेल्या वेळात अंकांचा असा अभ्यास केला की आज जगाच्या पाठीवर कोठेही पूर्णांकांच्या गमतींविषयी बोलणे निघाले, तर एक मराठी आडनाव उच्चारावेच लागते. ते शिक्षक म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पदवीने केवळ बी.एस्सी., हुद्द्याने शाळामास्तर, आणि ध्यासाने संख्यांचे उपासक.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच मातृछत्र हरपले. वडील कारकुनी करीत आणि त्यांना फलज्योतिषाचा छंद होता. पत्रिका मांडणे म्हणजे एका अर्थाने आकडेमोडच. अंश, कला, घटिका, पळे यांची बेरीज-वजाबाकी सतत चाललेली. आई नसलेल्या त्या मुलाच्या कानावर घरात जे पडे, त्यात आकडेच अधिक असत. वडिलांच्या ज्योतिषावर मुलाची श्रद्धा बसली की नाही, हा मुद्दा वेगळा. पण गणित करण्याचा कंटाळा म्हणून कधी आला नाही, हे मात्र वडिलांचे ऋण म्हणावे लागेल. शालेय शिक्षण ठाण्यास झाले. हिशेबाच्या जवळच्या वाटा शोधणे, कोडी सोडविणे यात त्या वयातही त्यांचे तासन्‌तास जात.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. त्या महाविद्यालयावर रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाची छाया होती. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याच नावाने विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनास पारितोषिक दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांनी मिळविले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी हाती आली आणि औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. पुढे एम.एस्सी. नाही, परदेशगमन नाही, प्राध्यापकीही नाही. १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिक्षक, ते थेट १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत.

येथे एक अवांतर गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्रज सैनिकांच्या बोलीत डोके फिरलेल्या माणसास ‘डूलाली’ म्हणत व तो शब्द इंग्रजी कोशांतही जाऊन बसला आहे. त्याचे मूळ या देवळालीच्याच नावात आहे. मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांची जी मनःस्थिती होई, तिच्यावरून तो शब्द निघाला. त्याच गावात राहून कोणी गृहस्थ फळ्यावर, पाठकोऱ्या कागदावर, दिसेल त्या चिटोऱ्यावर संख्या उलट्या-सुलट्या मांडीत बसलेला पाहून लोकांनी काय म्हटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कापरेकरांच्या संशोधनाचे पहिले मोठे फळ रेल्वे स्थानकावर हाती आले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डोंबिवली स्थानकास तेव्हा ‘डेमलो’ असेही म्हणत. तेथे असताना त्यांना एका विशिष्ट घडणीच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांचे नावच ‘डेमलो संख्या’ असे ठेवून दिले. मोठमोठे गणिती आपल्या शोधास गुरूचे, राजाचे वा स्वतःचे नाव देतात. या मास्तरांनी लोकलगाडीच्या थांब्याचे दिले. १९३८ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील लेख प्रसिद्ध झाला.

डेमलो संख्या म्हणजे काय, हे वाणिज्य शाखेच्या माणसासही सहज कळते. संख्येचे तीन भाग पाडावयाचे : आरंभ, मध्य आणि शेवट. आरंभाचा व शेवटचा भाग मिळविला असता जो एकच अंक पुनःपुन्हा येईल, तोच अंक मध्यभागी असावयास हवा. १२१ घ्या. पहिला १ आणि शेवटचा १ मिळून २, आणि मध्ये २ आहेच. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३ होतात आणि मध्ये ३ बसलेला आहे. या संख्या कोठून येतात तेही मौजेचे आहे. ११ ला ११ ने गुणले की १२१, १११ ला १११ ने गुणले की १२३२१. एकेक १ वाढवीत गेले की ही माळ लांबत जाते. शेवटी नऊ वेळा १ लिहून, म्हणजे १११११११११ ला स्वतःनेच गुणले असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या उभी राहते.

ही संख्या किती मोठी आहे? आपण लहानपणी एकं, दहं, शतं पाठ केले. त्यातील शेवटचे अठरावे स्थान परार्ध. ही संख्या सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचते. परार्धास एक पायरी उणी. बाजाराच्या भाषेत सांगावयाचे तर सुमारे १२३ कोटी कोटी. एवढ्या रकमेचा व्यवहार आपल्यापैकी कोणाच्या खतावणीत कधी होणार नाही. परंतु हिचे गुणधर्म तपासावयास पाटी-पेन्सिल पुरते. आरंभीचे आठ अंक १२३४५६७८ आणि शेवटचे आठ अंक ८७६५४३२१ मिळवा : आठ वेळा ९ येतात, आणि मध्यभागी ९ उभाच आहे. कापरेकरांची अट तंतोतंत पूर्ण झाली. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच. तिचे सर्व अंक मिळविले तर ८१ होतात आणि त्या ८१ ने तिला निःशेष भाग जातो.

अंकांच्या बेरजेने ज्या संख्येस पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्या असे नाव दिले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. साधी उदाहरणे हवी असतील तर १८ पाहा : १ आणि ८ मिळून ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. सुवर्णमहोत्सवाचा ५० हा आकडाही हर्षदच आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस जाता जाता सांगावेसे वाटते. तेव्हा आपली १७ अंकी संख्या एकाच वेळी डेमलोही आहे आणि हर्षदही. आणखी खोलात गेलो तर तिचे मूळ अवयव तीनच सापडतात : ३, ३७ आणि ३३३६६७. त्यांतील ३ चार वेळा आणि उरलेले दोन प्रत्येकी दोन वेळा आले आहेत. त्यावरून तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या मोजल्या तर त्या बरोबर ४५ भरतात. आणि १ ते ९ या अंकांची बेरीजही ४५ च आहे. हा शेवटचा मेळ योगायोगाचा म्हणावा; तरी पाहून मन प्रसन्न होते.

आता याच माळेत दहावा १ ओवून पाहा. दहा वेळा १ लिहून त्या संख्येस तिनेच गुणले की १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. माळ तुटली. कारण सोपे आहे. मधल्या घरात १० जमले, एका घरात एकच अंक मावतो, म्हणून हातचा पुढे गेला आणि सौंदर्य बिघडले. ९ पर्यंत जे साधते ते १० ला साधत नाही, हा आपल्या दशमान पद्धतीचाच स्वभाव आहे. कापरेकरांच्या संशोधनावरील मुख्य आक्षेपही याच मुद्द्याशी जोडलेला आहे. त्याकडे पुढे वळू.

तत्पूर्वी आपल्या परंपरेतील एका थोर आचार्यांचे स्मरण करणे प्राप्त आहे. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, सुमारे इ. स. ८५० च्या सुमारास, दिगंबर आचार्य महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची सत्ता वऱ्हाडावरही होती. अमोघवर्षाचा पिता तिसरा गोविंद याचे ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील अंजनवती येथे आणि मूर्तिजापूरजवळच्या सिरसो येथे सापडलेले आहेत. महावीराचार्यांनी एकपासून ‘महाक्षोभ’ या नावापर्यंत २४ स्थाने सांगितली. म्हणजे आपल्या परार्धाच्याही पलीकडे सहा पायऱ्या. त्याच ग्रंथात गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी अशा काही संख्या दिल्या आहेत, ज्यांचे उत्तर गळ्यातल्या हाराप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. त्यांना त्यांनी कंठाभरणाची उपमा दिली. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ वेळा १. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१, म्हणजे कापरेकरांच्या माळेतील सहावा मणी! डोंबिवलीच्या फलाटावर जी संख्या विसाव्या शतकात एका मास्तरांच्या मनात उभी राहिली, तिचे भावंड सुमारे १,१०० वर्षांपूर्वी एका जैन आचार्यांच्या ग्रंथात विराजमान होते.

गणितसारसंग्रहाची आवृत्ती प्रा. एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये इंग्रजी भाषांतरासह मद्रासेहून प्रसिद्ध केली होती. पुढे १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत तो हिंदी अनुवादासह छापला. त्याच १९६३ साली देवळालीहून कापरेकरांचे स्वयंभू संख्यांवरील पुस्तक निघाले. दोन्ही पुस्तके महाराष्ट्राच्याच भूमीवर एका वर्षात प्रकाशित व्हावीत, हे प्रस्तुत लेखकास विशेष वाटते.

आता त्या आक्षेपाविषयी. कापरेकरांचे लेख मोठ्या गणितज्ञांनी दीर्घकाळ मनावर घेतले नाहीत. त्यांचे बरेचसे लेखन दुय्यम मानल्या जाणाऱ्या नियतकालिकांत छापून आले किंवा त्यांना ते छोट्या पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच काढावे लागले. विद्वानांचे म्हणणे असे की, हे गुणधर्म संख्यांचे नव्हेत, संख्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. बारा हातांच्या बोटांनी मोजणारा एखादा समाज असता तर त्याला ना हर्षद संख्या याच सापडल्या असत्या, ना डेमलो. आणि हे सर्व जाणून उपयोग काय? असा प्रश्न विचारणारे जसे विद्यापीठात होते तसे बाजारातही असतात. गल्ल्यावर बसणारा माणूस प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न आधी विचारतो, आणि तो चूक आहे असे मी म्हणणार नाही. कापरेकर म्हणजे रामानुजन नव्हेत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. रामानुजनांनी जी शिखरे गाठली त्या वाटेला देवळालीचे मास्तर गेले नाहीत. तरी आक्षेपाचा पूर्वार्ध मला पटत नाही. शून्य आणि दशमान स्थानपद्धती ही या देशाने जगाला दिलेली देणगी मानतो ना आपण? मग त्या पद्धतीच्या पोटात कोणकोणत्या गोष्टी दडल्या आहेत हे कोणी जन्मभर शोधले, तर त्याला पोरखेळ कसे म्हणावे? घरातीलच वस्तू आहे, ती उलटून पाहावयास नको काय?

उपयोगाविषयी म्हणाल तर कापरेकरांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाचे बीज आपल्या जुन्या मुनीमांना अनुभवाने ठाऊक होते. कच्चा ताळेबंद जुळत नसला आणि फरकाच्या रकमेस ९ ने भाग जात असला, तर मुनीमजी ओळखत की कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे. ८६ च्या जागी ६८ लिहिले गेले तर फरक १८, आणि ५,४०० च्या जागी ४,५०० मांडले तर ९००. तेच अंक वेगळ्या क्रमाने मांडून वजाबाकी केली की बाकीस नेहमी ९ ने भाग जातो. आमच्या पिढीने हे वाणिज्याच्या वर्गात ऐकले आणि चूक सापडताच विसरून गेले. कापरेकरांनी हीच वजाबाकी हाती धरली व ती सोडलीच नाही.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक एकसारखे नसावेत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या बाकीवर पुन्हा तेच करा. शून्य आले तर त्याचेही घर राखा. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९, बाकी ९३५१. ९५३१ वजा १३५९, बाकी ८१७२. ८७२१ वजा १२७८, बाकी ७४४३. ७४४३ वजा ३४४७, बाकी ३९९६. ९९६३ वजा ३६९९, बाकी ६२६४. ६६४२ वजा २४६६, बाकी ४१७६. ७६४१ वजा १४६७, बाकी ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करा : ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी येथे येऊन थांबली ती थांबलीच. कोठूनही निघा, फार तर सात पावलांत ६१७४ हेच स्थानक येते. गंमत अशी की गुरुजींचे जन्मवर्ष सर्वांत लांबच्या, सात पावलांच्या वाटेने तेथे पोचते.

असे का होते, हेही समजण्यापलीकडचे नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकास ९९९ ने व दुसऱ्यास ९० ने गुणून मिळविले की बाकी तयार. दोन फरकांच्या अशा जोड्या अवघ्या ५४ होतात. म्हणजे चार अंकी हजारो संख्या पहिल्याच पावलात ५४ गल्ल्यांत शिरतात आणि त्या सर्व गल्ल्या शेवटी एकाच चौकात उघडतात. ताग्याच्या चिठ्ठीवरील आकडा घ्या किंवा बिलाचा क्रमांक, प्रचीती लगेच येते. तीन अंकी संख्यांसाठी हा चौक ४९५ आहे. पाच अंकांना मात्र असे एक ठिकाण नाही. त्या संख्या चक्रात फिरत राहतात. नऊ अंकांत १ ते ९ सर्व अंक एकेकदा असलेली ८६४१९७५३२ आणि दहा अंकांत शून्यासह दहाही अंक एकेकदा असलेली ९७५३०८६४२१ या संख्या ६१७४ प्रमाणेच आपल्या जागेवर अढळ आहेत. वाचकांनी स्वतः वजाबाकी करून पाहावी.

हा शोध कापरेकरांस १९४६ मध्ये लागला. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात ६१७४ वरील त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. आज या संख्येस ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. तेव्हा मात्र ना कोणी सत्कार केला, ना शाळेतील तास कमी झाले.

स्वयंभू संख्यांचा उल्लेख वर आला. त्यांचा विचार थोडक्यात असा. एखादी संख्या घ्यावी व तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. ४७ मध्ये ११ मिळविले की ५८, त्यात १३ मिळविले की ७१, मग ७९, मग ९५. येथे ४७ ही ५८ ची जननी. काही संख्यांना अशा दोन जननी असतात. १०१ ही ९१ पासूनही होते आणि १०० पासूनही. तिला कापरेकरांनी ‘जंक्शन’ संख्या म्हटले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला या जंक्शनांवर गाड्या बदलण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या लोकांना हे नाव निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आणि ज्या संख्येला कोणीच जननी नाही, जी कोणापासून झाली नाही, ती स्वयंभू : १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२ अशा. १९३० ही संख्या, म्हणजे ज्या वर्षी ते देवळालीस रुजू झाले ते वर्ष, स्वयंभू आहे. पुस्तक निघाले ते १९६३ हेही स्वयंभू.

या मालिकेचा एक नियम व्यापाऱ्यास फार भावेल. ४७ पासून ९५ पर्यंतच्या पाचही संख्यांचे सर्व अंक मिळवावयाचे असतील तर एकेक अंक मोजण्याचे कारण नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करावी, ४८ येतात. त्यांत शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज १४ मिळवावी, ६२ झाले. उत्तर तेच. अखेरची शिल्लक आणि आरंभीची शिल्लक कळली की मधली जमा आपोआप कळते, तसाच हा प्रकार. कापरेकरांची दृष्टी अशी होती. त्यांना अवघड यंत्रसामग्री लागत नव्हती. रोजच्या व्यवहारातील आकडा ते दुसऱ्या कुशीवर वळवून पाहत.

१९६२ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात भागेना, तेव्हा उतारवयात त्यांना गणित व विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या धराव्या लागल्या. ज्यांच्या नावाची संख्या पुढे जगभर शिकविली जाणार होती, ते गृहस्थ साठी उलटल्यावर पोटासाठी मुलांची त्रैराशिके तपासत होते, ही गोष्ट लिहिताना हात जड होतो. समाजात दानशूर कमी नव्हते. मंदिरांना, धर्मशाळांना, पाणपोयांना आपण सढळ हाताने दिले व देत आलो. अशा एखाद्या माणसाची छपाईचा खर्च उचलण्यापुरती तरी आठवण कोणा शहाण्या श्रीमंताला व्हावयास हवी होती, असे मला वाटते. तो काळ निघून गेला.

दाद मिळाली ती परदेशातून, आणि तीही सत्तरीच्या उंबरठ्यापलीकडे. मार्टिन गार्डनर हे अमेरिकन लेखक ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात गणिती मनोरंजनाचे सदर चालवीत. जगभरचे नामांकित गणितीही ते आवडीने वाचीत. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनरांनी कापरेकरांची व त्यांच्या संख्यांची ओळख करून दिली. देवळालीचे नाव एकाएकी अनेक देशांत पोचले. ज्यांनी पूर्वी दुर्लक्ष केले होते त्यांनाही मग आपल्या देशातील या शिक्षकाची दखल घ्यावी लागली. स्वतः कापरेकर जवळच्या शाळा-महाविद्यालयांतून व्याख्यानास बोलावणे आले की जात, आणि फळ्यावर संख्या मांडून मुलांना गुंग करीत. तेच त्यांचे खरे व्यासपीठ होते. १९८६ मध्ये देवळालीसच त्यांचे देहावसान झाले.

‘कापरेकर संख्या’ या नावाने ओळखला जाणारा आणखी एक वर्ग सांगावयाचा राहिला. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून मिळविले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. २२२३ चा वर्ग ४९४१७२९; ४९४ आणि १७२९ मिळून २२२३. यातील १७२९ पाहून रामानुजनांची आठवण जाणकारांस झाल्याशिवाय राहणार नाही. ती टॅक्सीची संख्या हर्षदही आहे. इसवी सन २०२५ हे वर्ष असे ४५ या कापरेकर संख्येचा वर्ग होते. पुढचे असे वर्ष येईल ते ३०२५ : ३० आणि २५ मिळून ५५, आणि ५५ चा वर्ग ३०२५. त्यानंतर थेट ९८०१.